एक तास चाळीस मिनिटं

लेक शाळेतून घरी येते ४ वाजून १० मिनिटांनी. तिची आई येते ५:५० ला. मी त्याहून उशिरा. मधल्या वेळात घरी येऊन बसणाऱ्या मावशींनी एके दिवशी सांगितलं, की दोन महिन्यांनी त्या मुलाकडे राहायला जाणार आहेत. सहा वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या. खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण त्या चपला घालून बाहेर पडेपर्यंत माझी आकडेमोड सुरूही झाली होती. रोजची १०० मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस.

दुसरं कोणीतरी शोधायचं, असंच आमचं चाललं होतं. लेक शेजारी बसून गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला? मी राहीन की एकटी."

वय वर्षं नऊ, वर पाच महिने. मी "बघू" म्हणालो. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे तिला चांगलं ठाऊक आहे. पण तिची आई म्हणाली, "खरंच बघू या की. दोन महिने आहेत हातात."

मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर एक आकडा शोधायला लागलो. कुठेतरी कोणीतरी लिहून ठेवलं असेल की अमुक वर्षं पूर्ण झाली की मूल एकटं राहू शकतं, आणि मग आपल्याला डोकं चालवायला नको. आकडे सापडले, पण प्रत्येक ठिकाणी वेगळे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ८ वर्षांखालच्या मुलाला घरात एकटं ठेवता येत नाही, सोबत निदान १३ वर्षांचं जबाबदार माणूस लागतं. ऑरेगनच्या कायद्यात १० वर्षांखालचं मूल म्हटलंय. ब्रिटनमध्ये कायद्यानं वय ठरवलेलंच नाही, पण मुलांसाठी काम करणारी एनएसपीसीसी ही तिथली संस्था सांगते, की १२ वर्षांखालची मुलं जास्त वेळ एकटी राहण्याइतकी क्वचितच तयार असतात आणि १६ च्या आतल्या मुलाला रात्रभर एकटं ठेवू नये. आपल्याकडे असा ठरीव आकडा कायद्यात नाही. म्हणजे माझी मुलगी एका ठिकाणी चालली असती, दुसऱ्या ठिकाणी सात महिने कमी पडली असती आणि तिसऱ्या ठिकाणी अजून अडीच वर्षं थांबली असती. मुलगी तीच.

मग लोकांना विचारलं. ही चूक होती. ज्याला विचारावं तो स्वतःचं बालपण सांगायला बसतो. "आम्ही सात वर्षांचे असताना गळ्यात किल्ली घालून फिरायचो." मीही फिरायचो. पण आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की माझ्या गळ्यात किल्ली असायची तेव्हा अवतीभवतीची सगळी दारं दिवसभर सताड उघडी असायची. मी पडलो, रडलो, की आधी शेजारची आजी यायची, मग आईला कळायचं. आमचं घर रिकामं असायचं, पण मी एकटा नसायचो. आता मजल्यावरची चारही दारं बंद असतात आणि त्यातल्या दोघांची नावं मला पाटी वाचून सांगावी लागतील. एका सहकाऱ्यानं दुसऱ्या टोकाचं सांगितलं. पुढचा विचार करणारा आणि आवेग आवरणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो म्हणे. ते खरंही आहे. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग पंचविशीपर्यंत थांबू या का?"

तिचं म्हणणं असं होतं, की हिला आपण सांगतो तेव्हा ही काय करते ते बघू नकोस. आपण काही सांगत नाही तेव्हा काय करते ते बघ. दोन आठवडे आम्ही नुसतं बघितलं. नळ स्वतःहून बंद होतो का. भूक लागल्यावर स्वतःचं स्वतः घेऊन खाते का. आईचा फोन वाजला आणि आई आत असेल तर काय उत्तर देते. कंटाळा आला की काय करते? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं, कारण लहानपणी मी केलेले सगळे उपद्व्याप कंटाळ्यातूनच झाले होते, भीतीतून एकही नाही.

बरीचशी ती पास झाली. आणि मग टेबलावरच्या दिव्याची काच सापडली. दिव्याला काच नाही हे मला चार दिवस कळलंही नव्हतं. कपाट सरकवलं तेव्हा मागे वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले तुकडे मिळाले. नीट म्हणजे अगदी चिकटपट्टी लावून. हातात ती पुडी धरून मी म्हणालो, "झालं. हिला एकटं ठेवायचं म्हणताय? ही तर लपवते."

बायको म्हणाली, "लपवते. पण माझ्यापासून नाही."

मी भांडलो. मग तिनं उदाहरणं दिली. गेल्या महिन्यात गालिच्यावर शाई सांडली, तेव्हा लेकीनं लगेच आईला हाक मारली होती. वर्गात मार खाल्ला होता तेही आईलाच सांगितलं होतं. मला या दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या. मला सांगितलं जात नाही, कारण माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आता काय केलंस?" मी मारत नाही, फारसा ओरडतही नाही. पण हे वाक्य मी ज्या सुरात म्हणतो तो सूर मला स्वतःला ऐकू येत नव्हता. बायकोनं तो करून दाखवला. हुबेहूब होता आणि मला आवडला नाही.

त्या दिवशी माझ्या डोक्यातला सगळा क्रम उलटा झाला. मी तपासत होतो ते हे, की ही सांगितलेलं ऐकते का. पण दुपारी साडेचारला, मी दहा-बारा किलोमीटर दूर असताना, काहीतरी बिनसलं तर तिनं ऐकण्याचा काय उपयोग? तिनं सांगायला हवं. ते सुद्धा चूक तिची असेल तेव्हा, आणि सुरुवातीच्या पाच मिनिटांत. ज्या घरात काच फुटल्याचं चार दिवस लपतं, त्या घरात गॅसचा वासही निदान चार मिनिटं लपणार. तयारी तिची करायची होतीच, पण फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाची जास्त.

उपाय म्हणून आम्ही रात्री जेवताना प्रत्येकानं त्या दिवशीची एक चूक सांगायची असं सुरू केलं. सुरुवात मी करायची आणि बाकीच्यांनी त्यावर काहीही बोलायचं नाही. हे जरा नाटकीच होतं. पहिले चार दिवस मी खोट्या खोट्या, सुबक चुका सांगितल्या. पाचव्या दिवशी खरी सांगितली, साहेबांना पाठवायची फाइल भलत्यालाच पाठवल्याची, आणि लेक इतकी खूश झाली की तिनं एकदम तीन सांगितल्या. दिव्याच्या काचेचं मात्र तिनं काढलं नाही. मीही विचारलं नाही.

घराची पाहणी आम्ही एका रविवारी केली. मी तिच्या उंचीला येईल असा गुडघ्यांवर चालत घरभर फिरलो आणि ती मागून हसत फिरली. पण सापडलं बरंच. सगळ्यात मोठी अडचण निघाली दाराची. आमच्या दाराला लॅच आहे आणि आतून कडीही आहे. मुलगी घाबरली की कडी लावणार हे उघड होतं. कडी लावून ती झोपली, तर आमच्या किल्लीला काही अर्थ नाही. शाळेतून आलेलं मूल किती गाढ झोपतं हे ज्यानं उठवून पाहिलंय त्यालाच माहीत. म्हणून कडी लावायची नाही, फक्त लॅच. न्हाणीघराची आतली कडी अधूनमधून अडकायची, ती मी काढूनच टाकली. औषधं वरच्या कप्प्यात कुलपात गेली. गॅस बाहेर पडताना रेग्युलेटरपाशी बंद करायचा, गिझर बंद. बाल्कनीत कठड्याला टेकवलेली खुर्ची आणि कुंडीचं स्टूल आत आलं. कठडा पुरेसा उंच असतो तो फक्त त्याच्याजवळ चढायला काही नसेल तर.

मग फोन. तिला आमचे नंबर पाठ असतील असं मी धरून चाललो होतो. तिला एकही पाठ नव्हता. तिनं फोनवर नेहमी फोटोवर बोट ठेवलंय, नंबर कधी लावलाच नाही. मला तरी आता किती येतात म्हणा. आठवडाभर जिना चढताना पायरीला एक आकडा असं म्हणत दोघांचे नंबर पाठ करून घेतले. पत्ता विचारला तर म्हणाली, "पिवळी बिल्डिंग, खाली मांजर असतं तिथे." आग विझवायला येणाऱ्या माणसाला मांजराच्या खुणेवरून घर सापडणं कठीण, म्हणून पत्ताही पाठ. घरासाठी एक साधा, बटणांचा फोन घेतला, कायम चार्जिंगला लावलेला. ११२ हा आपत्कालीन नंबर फोनच्या स्क्रीनचं कुलूप न उघडताही लावता येतो, हे तिच्यासोबत मीही तेव्हाच नीट समजून घेतलं. लावून बघायचा मोह तिला झाला. तो नंबर गंमत म्हणून लावायचा नसतो, आणि का नसतो, यावर अर्धा तास गेला.

दाराचा सराव मात्र मजेत सुरू झाला आणि मजेत राहिला नाही.

मी बाहेर उभा राहून आवाज बदलून बेल वाजवायची. पहिल्यांदा मी कुरिअरवाला झालो. आतून उत्तर आलं, "घरी कोणी नाहीये!" याहून वाईट उत्तर असू शकत नाही. आपण आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवतो आणि मग एका दुपारी सांगतो, की आई अंघोळीला गेलीय असं म्हण. तिला ते पटेना. "खोटं बोलायचं?" शेवटी "आई आत्ता येऊ शकत नाही, नंतर या" हे वाक्य दोघांना मान्य झालं. ते खरंच होतं. आई येऊ शकत नव्हतीच.

दुसऱ्यांदा मी तिच्या बाबांच्या ऑफिसातला माणूस झालो. माझं आडनाव घेतलं, म्हणालो, त्यांनी एक कागद आणायला पाठवलंय. दार उघडलं. उघडल्यावर समोर मीच दिसलो तर ती आधी हसली आणि मग माझा चेहरा बघून रडली. मी तिला दाराची बाहेरची बाजू दाखवली. आडनाव पाटीवरच लिहिलेलं आहे. जिना चढून येणाऱ्या कोणालाही ते वाचता येतं. हे कळल्यावर ती त्या पाटीकडे असं काही बघत राहिली, की जणू पाटीनंच दगा दिलाय. मला वाटतं, त्या सगळ्या दोन महिन्यांत तिला सगळ्यात पक्की समजलेली गोष्ट हीच.

एव्हाना आमचे नियम चौदा झाले होते. मी ते छापून फ्रिजवर लावले होते, क्रमांक घालून. मला त्या कागदाचा अभिमान होता.

मग आम्ही धुराचा सराव केला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, "समज, इथून धूर येतोय. काय करशील?" ती धावत न्हाणीघरात गेली आणि दार लावून बसली. मी विचारलं, बाहेर का नाही पडलीस? तिनं फ्रिजवरच्या कागदावर बोट ठेवलं. नियम क्रमांक ३: काहीही झालं तरी घराबाहेर पडायचं नाही.

'काहीही झालं तरी' हे शब्द माझे होते.

तो कागद मी काढला. चौदा नियम पाळणारं मूल एखाद्या दिवशी त्या नियमांपायीच अडकेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नवीन कागदावर चारच ओळी होत्या आणि सगळ्यात वर ही: आग, धूर किंवा गॅसचा वास आला, तर आधी बाहेर, मग फोन. धूर वर चढतो म्हणून खाली वाकून, रांगत जायचं. लिफ्ट नाही, जिना. वस्तू घ्यायला मागे फिरायचं नाही. गॅसचा वास आला तर कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. "बंद करायला पण नाही?" बंद करायलाही नाही, कारण ठिणगी बटण लावताना पडते तशी बंद करतानाही पडू शकते. फोनसुद्धा घराबाहेर पडल्यावरच. तिनं विचारलं, "आणि दार उघडं राहिलं तर?" राहू दे. चोर आला तर? येऊ दे. हे तिला फार आवडलं. पुढे दोन दिवस ती "चोर आला तर येऊ दे" असं गुणगुणत होती.

बाकीच्या तीन ओळी म्हणजे: दार कोणालाच उघडायचं नाही, आजी आली तरी आधी आम्हाला फोन. गॅसला आणि सुरीला हात नाही. आणि काहीही वाटलं तर फोन करायचा, कारण छोटं असलं तरी.

प्रथमोपचारातलं दोनच गोष्टींवर जोर दिला, कारण तिच्या बाबतीत त्याच घडण्यासारख्या होत्या. भाजलं तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. २० मिनिटं किती असतात हे कळावं म्हणून तिला एकदा घड्याळ लावून नुसतं बसवलं. मलाही तितका वेळ बसवेना. दुसरं, तिचा घोळणा फुटतो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डोकं मागे करायला सांगतात, ते चुकीचं आहे, रक्त घशात उतरतं. पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबून १० मिनिटं तोंडानं श्वास घ्यायचा. मध्ये मध्ये सोडून बघायचं नाही, आणि तेवढ्यानं थांबलं नाही तर फोन.

प्रत्यक्ष एकटं राहणं दहा मिनिटांनी सुरू झालं. मी खाली जाऊन येतो म्हणालो आणि अर्ध्या जिन्यावर चोरासारखा उभा राहिलो. वर जाणाऱ्या एका बाईंनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. परत गेलो तर ती चित्र काढत होती. म्हणाली, "इतक्यात?" मग अर्धा तास, दोनदा. मग पाऊण तास. मग एका शनिवारी पूर्ण एक तास. एकदाही फोन आला नाही. आम्ही दोघं समोरच्या बाकावर बसून फोनकडे बघत होतो. मी म्हणालो, बघ, जमलं.

आम्ही घरी आलो आणि ती आमच्या बाजूनं धावत बाथरूममध्ये गेली.

त्या तासभर ती सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात पाय वर घेऊन बसली होती. टीव्हीचा आवाज मोठा करून. बाथरूमला जायचं तर मधला अरुंद बोळ ओलांडावा लागतो आणि तिथून आवाज येत होता. तिनं हे आपणहून सांगितलं नाही. दोन दिवसांनी, रात्रीच्या चुकांच्या वेळी म्हणाली, "माझी चूक अशी, की मला शनिवारी भीती वाटली."

मी त्यावर बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून नाही बोललो. नाहीतर मी नक्की म्हणालो असतो, की त्यात काय घाबरायचं.

वरवर पाहता त्या तासात काहीच बिघडलं नव्हतं. दार उघडलं नाही, गॅसला हात लावला नाही. आम्ही फक्त घटना मोजत राहिलो असतो, तर तो यशस्वी तास ठरला असता. आम्ही तीन आठवडे मागे गेलो, पुन्हा वीस मिनिटांवर. आणि एका दुपारी टीव्ही, पंखे सगळं बंद करून ती आणि मी बोळात जमिनीवर बसलो आणि घर ऐकलं. फ्रिज घरघरतो आणि थांबताना एक धक्का देतो. वरच्यांनी नळ सोडला की भिंतीतला पाइप खोकल्यासारखा वाजतो. टाकी भरली की सूं असा आवाज येतो. गच्चीचं दार वाऱ्यानं आपटतं. प्रत्येक आवाजाला तिनं नाव दिलं. पाइपला म्हातारा म्हणाली. या घरात मी अकरा वर्षं राहतोय आणि मला यातले निम्मे आवाज माहीत नव्हते, कारण मी या घरात कधी एकटा गप्प बसलेलोच नाही.

याच सुमारास मी कॅमेरा आणला. बायकोचा विरोध होता, तरी आणला. चार दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमधून उठून फोन केला, की सोफ्यावर उलटी लटकू नकोस. तिसऱ्या दिवशी ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेली दिसली. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, तू सगळं बघतोस, मग मी फोन कशाला करू?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कॅमेरा काढला. कोणाच्या घरी गरज असेलही. आमच्याकडे तो माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून होता, आणि तिला सांगण्याची सवय लागत असताना नेमका आड येत होता.

मावशी गेल्या. पहिले दोन आठवडे सगळं सुरळीत. घरी पोचल्याचा फोन, मधला एक फोन. शेजारच्या काकूंना आम्ही सगळं सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात पावणेपाचला अनोळखी नंबरवरून फोन आला. "बाबा, मी काकूंकडून बोलतेय." आणि मग लगेच, "तू ओरडणार आहेस का?"

पुढचे एक-दोन क्षण मला अजून आठवतात. 'आता काय केलंस' हे वाक्य जिभेवर तयार होतं, पूर्ण, त्याच्या सुरासकट. मी म्हणालो, "नाही. तुला काही लागलंय का?"

लागलं नव्हतं. जिन्यात मांजर ओरडत होतं. ती दार उघडून बघायला एक पाऊल बाहेर पडली आणि मागे वाऱ्यानं दार लागलं. लॅच. आत फोन, आत चप्पल, बाहेर ती अनवाणी. चौदा काय आणि चार काय, माझ्या कुठल्याच कागदावर ही शक्यता नव्हती. मी कोण आत येईल याचाच विचार करत बसलो होतो. ती बाहेर राहील हे सुचलंच नाही. ती जिन्यात थोडा वेळ रडली, मग काकूंची बेल वाजवली आणि पाठ असलेला नंबर त्यांच्या फोनवरून लावला.

घरी जाईपर्यंत माझ्यात दोन माणसं बोलत होती. एक म्हणत होता, दार उघडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना. दुसरा मोजत होता: ती कुठेही भटकली नाही, ठरलेल्या माणसाकडे गेली, नंबर आठवला आणि स्वतःहून सगळं सांगितलं. घरी गेल्यावर मी पहिल्या माणसाचं एकच वाक्य वापरलं आणि तेही रात्री. काकूंकडे एक किल्ली ठेवली. मांजराला दारातूनच, न उघडता, हाक मारायची असं ठरलं.

त्याच रात्री जेवताना तिनं दिव्याच्या काचेचं सांगितलं. तोवर तिला वाटत होतं, की आम्हाला ते माहीतच नाही.

आता पाच महिने झालेत. १०० मिनिटं जमतात. अंधार पडल्यावर अजून नाही, तिलाही नको आहे. मैत्रिणीला बोलावू का, असं विचारते. त्याला नाही म्हणतो, कारण दोन मुलं म्हणजे दुप्पट शहाणपण असा माझा तरी अनुभव नाही. मामेभाऊ चार वर्षांचा आहे, त्याला तासभर तिच्यापाशी ठेवू या का, असं घरातल्याच एकानं सुचवलं होतं. स्वतःपुरतं राहता येणं वेगळं आणि दुसऱ्याला सांभाळणं वेगळं. ताप असेल त्या दिवशी, शाळेत काही झालेलं असेल त्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी लवकर येतं. तयारी एकदा झाली की रोज असतेच, असं काही आम्हाला दिसलं नाही.

फ्रिजवरच्या कागदावर आता पाचवी ओळ आहे, तिच्या अक्षरात. एके दिवशी तिच्या आईला यायला जमणार नव्हतं म्हणून मी येणार होतो, आणि रस्त्यात अडकून ३५ मिनिटं उशिरा पोचलो. फोन केला नाही, कारण मी सतत 'आता पोचतोच' असाच होतो. दार उघडलं तर ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली होती, हातात बटणांचा फोन. चार वेळा लावला होता. माझा दप्तरात, आवाज बंद करून.

"उशीर होणार असेल तर मोठ्यांनी फोन करायचा. कारण छोटं असलं तरी."

ही ओळ त्यानंतर मी दोनदा मोडली आहे. दोन्ही वेळा रात्री जेवताना सांगितलं. त्यावर कोणी काही बोलायचं नसतं, पण ती माझ्याकडे बघते.